कागद एकाकडे, कब्जा दुसऱ्याकडे : इव्हान गेशॉव्ह आणि १९१२ चा बाल्कन करार

११ ऑक्टोबर १९११. व्हिएन्नाहून सोफियाला परतणारे बल्गेरियाचे पंतप्रधान इव्हान गेशॉव्ह यांची गाडी बेलग्रेडला आली, तेव्हा सर्बियाचे पंतप्रधान मिलोवान मिलोवानोविच त्यांच्या डब्यात येऊन बसले. लापोवो स्टेशन येईपर्यंत दोघे बोलत राहिले. मिलोवानोविच तिथे उतरून माघारी गेले, तोवर ऑटोमन साम्राज्याच्या युरोपातल्या उरल्यासुरल्या मुलखाची वाटणी कशी करायची याचा कच्चा आराखडा तयार झाला होता. पाच महिन्यांनी त्यावर सह्या झाल्या, वर्षभरात युद्ध पेटले, आणि पावणेदोन वर्षे पुरी व्हायच्या आत हेच दोन देश एकमेकांच्या उरावर बसले.

बाल्कन युद्धांच्या इतिहासात हा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो. मला मात्र तो सोडवत नाही. कारण तो करार घाईत किंवा भोळेपणाने झालेला नव्हता. करणारा माणूस व्यापाऱ्याच्या घरातला, राष्ट्रीय बँकेचा गव्हर्नर राहिलेला, कलमाकलमावर महिनोन्‌महिने घासाघीस करणारा. तरीही त्याच्या देशाच्या हाती शेवटी कागदच उरला.

आपल्याकडे जमिनीच्या वादात कोणी वकिलाकडे गेले की वकील आधी विचारतो, कब्जा कोणाकडे आहे? सातबाऱ्यावर नाव असणे वेगळे आणि नांगर कोणाचा चालतो ते वेगळे. गेशॉव्ह यांचे सगळे प्रकरण या एका प्रश्नाभोवती फिरते.

माणूस

गेशॉव्ह यांचा जन्म १८४९ चा, प्लोव्हदिव्हचा. तेव्हा ते शहर सुलतानाच्या राज्यात होते. घराणे व्यापारी, मँचेस्टरशी व्यवहार, म्हणून मुलाचे शिक्षण मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात झाले. इंग्रजी उत्तम. १८७६ चा बल्गेरियन उठाव तुर्की सैन्याने रक्तात बुडवला, तेव्हा या तरुणाने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रे लिहिली. त्याची किंमत अटकेने आणि फाशीच्या शिक्षेने मोजावी लागली. परदेशी मध्यस्थीमुळे फाशी टळली आणि अलेप्पोला हद्दपारीवर निभावले. रशिया-तुर्कस्तान युद्ध संपल्यावर सुटका झाली.

पुढची कारकीर्द हिशेबी माणसाची आहे. पूर्व रुमेलिया या स्वायत्त प्रांतात त्यांनी कारभार पाहिला, मग बल्गेरियाच्या राष्ट्रीय बँकेचे गव्हर्नर झाले. १८८५ मध्ये पूर्व रुमेलिया बल्गेरियात विलीन झाला. ते सर्बियाच्या डोळ्यात खुपले, त्याने हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. त्यानंतर बुखारेस्टला तहाची बोलणी झाली, त्यात बल्गेरियाच्या बाजूने बसले होते गेशॉव्ह. मार्च १८८६ चा तो तह राजनयाच्या इतिहासातली एक गंमतच आहे. त्यात कलम एकच : दोन देशांमध्ये शांतता पुन्हा प्रस्थापित झाली आहे. ना सीमा, ना भरपाई, ना मैत्रीची भाषा. आणि त्या एका कलमावर दोन्ही देश सत्तावीस वर्षे एकमेकांशी लढले नाहीत.

याच माणसाने १९१२ मध्ये सर्बियाशी नकाशासकट, गुप्त पुरवणीसकट, लष्करी जोडकरारासकट तह केला. तो सोळा महिनेही टिकला नाही.

मार्च १९११ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा वय बासष्ट. त्यांचा राष्ट्रीय पक्ष आणि स्टोयान दानेव यांचा पुरोगामी लिबरल पक्ष असे संयुक्त सरकार होते, दोन्ही रशियाकडे झुकलेले. बल्गेरियन विज्ञान अकादमीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. त्या उन्हाळ्यात तिर्नोव्हो इथे महासभा भरवून राज्यघटना दुरुस्त केली गेली. त्यातली एक दुरुस्ती आपल्या प्रकरणाला फार महत्त्वाची : राजा आणि सरकार यांना संसदेपुढे न ठेवता राजकीय करार करता येतील. म्हणजे पुढे जे काही झाले, ते पाहणारे डोळे आधीच कमी करून ठेवले होते.

मॅसिडोनिया नावाचे दुखणे

३ मार्च १८७८ च्या सान स्तेफानोच्या तहाने रशियाने एक मोठा बल्गेरिया आखला होता, त्यात जवळजवळ सगळा मॅसिडोनिया येत होता. चार महिन्यांनी बर्लिनमध्ये बड्या सत्तांनी तो मोडला आणि मॅसिडोनिया सुलतानाला परत दिला. बल्गेरियात पुढची पस्तीस वर्षे प्रत्येक सरकार त्या हरवलेल्या नकाशाकडे बघतच राज्य करत होते. मॅसिडोनियात बल्गेरियन चर्चच्या शाळा होत्या, गुप्त क्रांतिकारी संघटना होती, १९०३ चा फसलेला उठाव होता, आणि तिथून पळून आलेल्या निर्वासितांनी सोफिया भरून गेली होती. त्यांतले अनेक लष्करात अधिकारी होते. सर्ब आणि ग्रीक यांचेही त्याच भूमीवर दावे होते, त्यांच्याही शाळा होत्या आणि सशस्त्र टोळ्याही.

बल्गेरियन मुत्सद्द्यांना ‘मॅसिडोनियाला स्वायत्तता’ ही मागणी प्रिय होती, ती का तेही कळणे सोपे आहे. पूर्व रुमेलिया १८७८ मध्ये स्वायत्त झाला आणि सात वर्षांत बल्गेरियाच्या पदरात पडला. मॅसिडोनिया अखंड स्वायत्त झाला तर तोही कधीतरी याच वाटेने येईल, हा हिशेब. वाटणीला तयार होणे म्हणजे त्यातला काही भाग बल्गेरियन नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणे. कोणत्याही बल्गेरियन पंतप्रधानाला हा घास गिळणे अवघड होते.

मग १९११ मध्ये गेशॉव्ह तो गिळायला का तयार झाले? २९ सप्टेंबरला इटलीने त्रिपोलीवरून तुर्कस्तानशी युद्ध पुकारले. साम्राज्य आता कोसळणार असे दिसू लागले. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया गिळंकृत केला होता, तसाच तो उद्या खाली एजियन समुद्रावरच्या सालोनिका बंदरापर्यंत उतरेल ही भीतीही होती. एकट्या बल्गेरियाला तुर्कस्तानशी लढणे झेपणारे नव्हते, आणि लढाईत सर्बिया पाठीमागून काय करील याची खात्री नव्हती. शेजाऱ्याला भागीदार करा, नाहीतर तो शत्रू होईल. रेल्वेच्या डब्यातला हिशेब हा होता.

करारातली मेख

लापोवोनंतरची बोलणी सोफियात झाली. सर्बियाचे तिथले राजदूत मिरोस्लाव्ह स्पालायकोविच आणि गेशॉव्ह यांच्यात हिवाळाभर ओढाताण चालली. मध्यस्थ म्हणून रशियाचे दोन राजदूत, सोफियात नेक्ल्यूदोव्ह आणि बेलग्रेडमध्ये हार्टविग. बोलणी अडली ती ओह्रिड सरोवराच्या काठावरच्या स्ट्रुगासारख्या चिमुकल्या गावाजवळच्या पट्ट्यावर. शेवटी १३ मार्च १९१२ रोजी सह्या झाल्या. (तेव्हा दोन्ही देश जुने पंचांग वापरत होते, म्हणून त्यांच्या कागदांवर तारखा तेरा दिवस मागच्या दिसतात.)

उघड मजकूर साधा संरक्षणाचा होता. खरे दात गुप्त पुरवणीत. रोडोप पर्वत आणि स्ट्रुमा नदी यांच्या पूर्वेचा प्रदेश बल्गेरियाचा. शार पर्वताच्या उत्तरेचा आणि पश्चिमेचा सर्बियाचा. मधल्या भागाला जमल्यास स्वायत्तता. ते अशक्य ठरले, तर क्रिवा पालान्काजवळच्या डोंगरापासून तिरपी रेघ ओढून ती ओह्रिड सरोवरापर्यंत न्यायची, आणि त्या रेघेच्या दक्षिणेला व पूर्वेला सर्बियाने काहीही मागायचे नाही. म्हणजे वेलेस, प्रिलेप, बितोला, ओह्रिड हे बल्गेरियाचे. रेघेच्या वरच्या अंगाला स्कोप्ये, कुमानोवो, तेतोवो, स्ट्रुगा असलेला पट्टा ‘वादग्रस्त’. त्याचा निकाल रशियाच्या झारने लवाद म्हणून द्यायचा.

कागद म्हणून हे उत्तम काम होते. सर्बियाने पहिल्यांदाच लेखी मान्य केले होते की मॅसिडोनियाच्या मोठ्या भागावर आपला हक्क नाही. दुखऱ्या भागाचा निकाल तिसऱ्यावर सोपवून गेशॉव्ह यांनी घरच्या टीकेपासून अंगही काढून घेतले : स्कोप्ये आम्ही सोडलेले नाही, झार काय म्हणतो ते पाहू. एखाद्या कसलेल्या बँकरने कर्जाचा कागद करावा तसा हा कागद. उणीव एकच. तारण नव्हते. सर्बियाने शब्द फिरवला तर काय, याचे उत्तर ‘झार आहे ना’ एवढेच होते.

पुढची अपरिहार्य पायरी लष्करी जोडकरार. १२ मे १९१२ च्या या कागदात बल्गेरियाने किमान दोन लाख आणि सर्बियाने किमान दीड लाख सैन्य उभे करायचे होते. तुर्कस्तानशी युद्ध झाले तर बल्गेरियाने त्यातले एक लाख सैन्य वार्दारच्या खोऱ्यात, म्हणजे सर्बियाच्या बाजूला, पाठवायचे. वार्दारचे खोरे म्हणजे मॅसिडोनियाचा कणा. बल्गेरियन पायदळ तिथे उतरले असते तर कागद आणि कब्जा एकाच हातात राहिले असते.

पण त्यात एक वाक्य असेही होते की परिस्थितीप्रमाणे दोन्ही सेनामुख्यालये आपसांत यात बदल करू शकतील.

ग्रीसबरोबरचा करार २९ मेचा. सोफिया आणि अथेन्स यांच्यात निरोप पोचवण्याचे काम ‘टाइम्स’चा बातमीदार जेम्स बाउचर याने केले. माणूस कानाने अधू होता, म्हणजे युरोपातली त्या वर्षीची सर्वांत नाजूक गुप्त बोलणी एका बहिऱ्यामार्फत चालली होती. ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस आणि गेशॉव्ह यांच्या करारात मुलखाच्या वाटणीबद्दल एक शब्दही नव्हता. १८९७ मध्ये तुर्कांकडून मार खाल्लेल्या ग्रीक पायदळाला सोफियात कोणी मोजत नव्हते. ग्रीसकडून हवे होते त्याचे आरमार, म्हणजे आशियातून समुद्रमार्गे येणारी तुर्की कुमक अडेल. जमिनीवर आपण आधी पोचू, मग सीमेचे बोलू. गेशॉव्ह यांच्या साऱ्या हिशेबात ही चूक मला सर्वांत महाग वाटते. सर्बियाशी निदान भांडायला कागद होता, ग्रीसशी तोही नव्हता.

रशियाला वाटत होते की आपण ऑस्ट्रियासमोर भिंत बांधली आहे. ऑगस्टमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पाँकारे पीटर्सबर्गला आले, रशियाचे परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी त्यांना मजकूर दाखवला. हा तर युद्धाचा करार आहे, असे पाँकारे जागच्या जागी म्हणाले. ते बरोबर होते. ज्या झारला लवाद नेमले होते, त्याच्याच परराष्ट्रमंत्र्याला हे उमगायला एका परदेशी पाहुण्याची गरज लागली, यावरून त्या लवादीच्या भवितव्याचा अंदाज करता येतो.

आणि मिलोवानोविच? ते १ जुलै १९१२ रोजी अकस्मात वारले. करारात दोन माणसांचा एकमेकांवरचा भरवसा होता, त्यातला एक गेला. थोड्याच काळात सर्बियाची सूत्रे निकोला पाशिच यांच्या हाती आली. दाढीवाले, कमी बोलणारे, सत्तेच्या राजकारणात मुरलेले पाशिच. २८ सप्टेंबर १९१२ रोजी, युद्धाची पहिली गोळी सुटायच्या आधी, त्यांनी आपल्या वकिलातींना एक गुप्त परिपत्रक धाडले. त्यात ‘जुन्या सर्बिया’च्या व्याख्येत प्रिलेप, किचेवो आणि ओह्रिड बसवले होते. त्यातली प्रिलेप आणि ओह्रिड तर रेघेच्या पलीकडची, सहा महिन्यांपूर्वी सही करून सोडलेली गावे.

सैन्य कुठे गेले

१ ऑगस्टला मॅसिडोनियातल्या कोचानी गावच्या बाजारात बॉम्ब फुटले आणि त्यापाठोपाठ तिथल्या बल्गेरियन लोकांची कत्तल झाली. बल्गेरियात सभा, मोर्चे, युद्धाच्या आरोळ्या. गेशॉव्ह स्वभावाने युद्धखोर नव्हते, पण त्यांनी जे हत्यार पाजळून ठेवले होते ते म्यानात ठेवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. सप्टेंबरअखेर सैन्याची जमवाजमव सुरू झाली. ८ ऑक्टोबरला माँटेनेग्रोने सुरुवात केली आणि दहा दिवसांत बाकीचे तिघे उतरले.

त्रेचाळीस लाख वस्तीच्या बल्गेरियाने जवळजवळ सहा लाख माणसे शस्त्राखाली आणली. ती सगळी गेली कुठे? थ्रेसमध्ये, आग्नेयेकडे, इस्तंबूलच्या वाटेवर. सेनामुख्यालयाचे प्रमुख जनरल फिचेव यांचे गणित साधे होते. तुर्कांचे मुख्य सैन्य थ्रेसमध्ये, राजधानी तिकडे, आशियातली कुमक येणार ती तिकडेच. तिथे हरलो तर वार्दारमध्ये जिंकून काय उपयोग? लष्करी दृष्टीने याला उत्तर नाही. सर्ब सेनाधिकाऱ्यांशी बोलून वार्दारकडे पाठवायच्या एक लाखाचे बंधन सप्टेंबरमध्येच काढून टाकण्यात आले. पश्चिमेला मुख्यतः एक रिला डिव्हिजन राहिली, आणि ती सालोनिकाकडे वळली.

इथेच दोरी तुटली असे मला वाटते. वार्दारमध्ये सैन्य पाठवणे ही फक्त मदत नव्हती, तो कराराचा पहारा होता. तो उठवताना त्याच्या बदल्यात सर्बियाकडून काही लिहून घ्यावे, निदान तुमचे सैन्य रेघ ओलांडून गेले तर तिथला कारभार तात्पुरता समजला जाईल एवढी तरी हमी घ्यावी, हे परराष्ट्र खात्याचे काम होते. मुख्यालयाने पाहिला रणाचा नकाशा, खात्याने पाहिला तहाचा. दोन नकाशे एका टेबलावर ठेवून कोणी पाहिले नाहीत.

युद्ध मात्र अशा वेगाने झाले की युरोप थक्क झाला. बल्गेरियन सैन्याने किर्क किलिसे घेतले, लुले बुर्गासच्या पाच दिवसांच्या लढाईत तुर्कांना मागे रेटले. सर्बियाने २३-२४ ऑक्टोबरला कुमानोवोची लढाई जिंकली आणि स्कोप्ये घेऊन ते थेट बितोलापर्यंत उतरले. ग्रीक ९ नोव्हेंबरला सालोनिकात शिरले. बल्गेरियाची रिला डिव्हिजन एका दिवसाने मागे पडली. ज्या पायदळाला कोणी मोजत नव्हते, ते आधी पोचले होते.

भारतात या बातम्या वेगळ्याच कानांनी ऐकल्या जात होत्या. खलिफाच्या सैन्याची धूळधाण ऐकून इथले मुसलमान हळहळले, वर्गण्या जमल्या, आणि डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक मुंबई बंदरातून तुर्कस्तानला निघाले. त्या पथकाला तिकडे भेटले ते थ्रेसमधल्या एड्रियानोपल किल्ल्याच्या आणि चातालजाच्या आघाडीवरून येणारे जखमी. म्हणजे बल्गेरियन तोफांचेच बळी.

आणि चातालजा हेच या कथेतले दुसरे वळण. १२ नोव्हेंबरला वजीर कामिल पाशा यांचा तहाची विनंती करणारा संदेश सोफियाला आला. त्या घडीला बल्गेरिया विजयाच्या शिखरावर होता. गेशॉव्ह आणि मंत्रिमंडळाचा कल थांबण्याकडे होता. राजा फर्डिनांड यांना मात्र इस्तंबूलचे घुमट खुणावत होते. उत्तर लांबणीवर पडले, आणि १७ नोव्हेंबरला राजधानीच्या तोंडाशी असलेल्या चातालजाच्या तटबंदीवर हल्ला झाला. दोन दिवसांत सुमारे १२,००० माणसे पडली किंवा जखमी झाली, आणि त्याच खंदकांत कॉलरा पसरला. विजेत्याचा दरारा तिथेच उतरला. युद्ध आणखी सहा महिने रेंगाळले, आणि त्या सहा महिन्यांत सर्ब व ग्रीक कारकून, शिक्षक, पोलीस मॅसिडोनियात स्थिरावत गेले.

सर्वोत्तम संधी कोणती हुकली असे कोणी विचारले तर मी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा दाखवीन. तेव्हा तह झाला असता तर एड्रियानोपल कदाचित मिळाले नसते. पण चार लाखांवर अभंग, ताजे सैन्य पश्चिमेकडे वळवता आले असते, आणि झारला ‘आता निकाल द्या’ असे ताठ मानेने सांगता आले असते.

पाशिच यांचा युक्तिवाद

आता दुसरी बाजू. सर्बियाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्याचा दावा अगदी पोकळ नव्हता. करार करताना सर्बियाची नजर अॅड्रियाटिकवर होती. अल्बानियाच्या किनाऱ्यावर एक बंदर मिळाले की ऑस्ट्रियाच्या कचाट्यातून व्यापार सुटणार होता. सर्ब सैन्य तिथे पोचलेही. पण ऑस्ट्रिया आणि इटली यांनी स्वतंत्र अल्बानिया उभा करायचा हट्ट धरला आणि लंडनच्या राजदूत परिषदेत सर्बियाला किनारा सोडावा लागला. पाशिच म्हणू लागले : एका बाजूचे गेले, दुसऱ्या बाजूचेही देऊ काय? तुम्ही वार्दारला एक लाख माणसे पाठवणार होता, पाठवली नाहीत. उलट आमच्या दोन डिव्हिजन आणि वेढ्याच्या जड तोफा तुमच्या एड्रियानोपलसाठी गेल्या, ज्याचे बंधन करारात नव्हते. तुमच्या एका किल्ल्यापायी युद्ध लांबले. तुम्हाला कराराबाहेरचा सगळा थ्रेस मिळतो आहे. परिस्थिती बदलली, करारही बदलला पाहिजे.

फेब्रुवारी १९१३ मध्ये ही मागणी पत्राने आली. गेशॉव्ह यांचे उत्तर कायद्याचे होते. सैन्याच्या हालचाली मुख्यालयांच्या संमतीने बदलल्या, त्यामुळे करारभंग झालेला नाही. अल्बानियाच्या किनाऱ्याची हमी आम्ही कधीच दिली नव्हती. लवाद आहे, त्याच्याकडे चला. मुद्दा बिनतोड होता. पण सर्बियाच्या चौक्या बितोलात बसलेल्या असताना बिनतोड मुद्द्याची किंमत किती?

बरे, तडजोड का झाली नाही? २६ मार्चला एड्रियानोपल पडल्यावर देश जल्लोषात होता. मॅसिडोनियन निर्वासित आणि अधिकारी रेघेच्या पलीकडचे एक गाव सोडायला तयार नव्हते, आणि राजा त्यांच्याबरोबर. सर्बियाला थोडे देऊन ग्रीसशी लढावे, किंवा ग्रीसला सालोनिका देऊन सर्बियाला एकटे पाडावे, असे दोन रस्ते होते. शिवाय उत्तरेला रुमानिया तटस्थ राहिल्याचा मोबदला मागत होता. त्याला सिलिस्त्रा द्यायचे मे महिन्यात ठरले, पण त्याने त्याचे पोट भरले नाही. चारही दिशांना एकाच वेळी बरोबर असण्याचा हट्ट कोणत्याही देशाला परवडत नाही. गेशॉव्ह हे मनातून जाणत होते असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. पण जाणणे वेगळे आणि राजाच्या टेबलावर हात आपटून सांगणे वेगळे. ते सभ्य गृहस्थ होते, आणि हा त्यांचा गुण म्हणून मी लिहीत नाही.

२८ मे १९१३ रोजी पाशिच यांनी सर्ब संसदेत करार बदलण्याची मागणी उघडपणे मांडली. ३० मे रोजी लंडनला तुर्कस्तानशी तह झाला. बल्गेरियाच्या इतिहासातला एवढा मोठा दिवस, आणि त्याच दिवशी गेशॉव्ह यांनी राजाकडे राजीनामा दिला.

त्सारिब्रोद

राजीनामा दिला होता, पण जाहीर झाला नव्हता. त्या अवस्थेत १ जूनला ते सीमेवरच्या त्सारिब्रोद स्टेशनात पाशिच यांना भेटले. पुन्हा रेल्वे, पुन्हा दोन पंतप्रधान. चारही मित्रदेशांच्या पंतप्रधानांनी एकत्र बसावे आणि सोक्षमोक्ष लावावा असे दोघांचे ठरले. एक माणूस पद सोडून आलेला. आणि दुसरा? त्याच १ जूनला सर्बिया आणि ग्रीस यांनी बल्गेरियाविरुद्ध आपसांत करार केला होता. समोर बसून पंतप्रधानांच्या बैठकीची तारीख ठरवणाऱ्या पाशिच यांना ते ठाऊक नसेल असे कोण म्हणेल?

८ जूनला झार निकोलस यांनी दोन्ही राजांना तारा केल्या : भांडू नका, माझ्याकडे या. पण नवे पंतप्रधान दानेव यांनी सात दिवसांत निकाल द्या असा धोशा लावला आणि साझोनोव्ह बिथरले. ज्या लवादीवर सगळा करार तोलून धरला होता, ती एकदाही बसली नाही.

२९ जूनच्या रात्री जनरल साव्होव यांच्या हुकमाने बल्गेरियन सैन्याने सर्ब आणि ग्रीक ठाण्यांवर हल्ला केला. मंत्रिमंडळाला विचारले नव्हते. राजाच्या इच्छेशिवाय असा हुकूम सुटला नसता हे उघड आहे. दोन दिवसांत सरकारने हल्ला थांबवायला सांगितले, साव्होव यांना दूर केले, पण आता थांबायची इच्छा समोरच्यांना नव्हती. १० जुलैला रुमानियाने युद्ध पुकारले आणि त्याचे सैन्य विरोधाशिवाय सोफियाच्या दिशेने सरकले. जुलै संपायच्या आत तुर्कांनी एड्रियानोपल परत घेतले. १० ऑगस्ट १९१३ रोजी बुखारेस्टला तह झाला. १८८६ मध्ये एका कलमाचा तह झाला होता, तेच हे शहर. वार्दारचा मॅसिडोनिया सर्बियाला गेला, त्याचे क्षेत्रफळ ४८,००० चौरस किलोमीटरवरून ८७,००० वर गेले. सालोनिका आणि कव्हाला ग्रीसला. ज्या रेघेवर हिवाळाभर घासाघीस झाली, तिच्या बल्गेरियाकडच्या अंगाची वेलेस, प्रिलेप, बितोला, ओह्रिड ही चारही गावे सर्बियाच्या नकाशात गेली. बल्गेरियाला मॅसिडोनियातला पिरिनचा डोंगराळ कोपरा आणि एजियनचा थोडा किनारा मिळाला.

गेशॉव्ह यांनी नंतर या साऱ्यावर पुस्तक लिहिले. करार चांगला होता, तो मोडणाऱ्यांनी घात केला, हा त्यांचा सूर. वकिलाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे पाडणे कठीण आहे. सप्टेंबर १९१५ मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरणार अशी लक्षणे दिसू लागली, तेव्हा विरोधी पक्षनेत्यांचे एक शिष्टमंडळ फर्डिनांड यांना भेटले. त्यात सहासष्ट वर्षांचे गेशॉव्ह होते आणि शेतकरी पक्षाचे स्ताम्बोलिस्की होते. स्ताम्बोलिस्की यांनी राजाला ‘तुमचे डोके जाईल’ अशी तोंडावर भीती घातली आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली. राजाने कोणाचेच ऐकले नाही. ऑक्टोबरमध्ये बल्गेरियन सैन्य तीच वादग्रस्त रेघ ओलांडून स्कोप्येत शिरले. तीन वर्षे वार्दारवर कब्जा होता, आणि या वेळी सर्बियाच्या सहीचा कागद नव्हता.

स्ताम्बोलिस्की पुढे पंतप्रधान झाले. नोव्हेंबर १९२२ मध्ये त्यांनी सार्वमत घेतले : युद्धांना जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळांवर खटले भरावेत की नाही. त्या यादीत गेशॉव्ह यांचेही सरकार होते, आणि लोकांनी होकार दिला. पुढच्याच उन्हाळ्यात स्ताम्बोलिस्की यांचे सरकार उलथून पडले, त्यांची हत्या झाली. गेशॉव्ह १९२४ मध्ये वारले.

त्सारिब्रोद स्टेशन १९१३ मध्ये बल्गेरियाच्या हद्दीत होते, पाशिच पाहुणे म्हणून आले होते. १९१९ च्या न्यूयीच्या तहाने ते गावही सर्ब-क्रोएट-स्लोव्हेन राज्याला दिले गेले. आज त्याचे नाव दिमित्रोव्हग्राद आहे, आणि बेलग्रेडहून सोफियाला जाताना सर्बियातले ते शेवटचे स्टेशन.